आपण तिघी

१

वनस्पतिशास्त्राच्या समर स्कूलसाठी आमच्या कॉलेजातून दोघींची निवड झाली, राजनंदिनीची आणि माझी. तीन आठवडे विद्यापीठातच राहायचं होतं. सकाळी डोंगरावर जाऊन झाडं गोळा करायची, दुपारी जेवून आराम, उन्हं कलली की प्रयोगशाळा. आमच्या गावी, कन्नडच्या स्टँडवर राजनंदिनीला सोडायला अर्धं घर आलं होतं. नानासाहेब, म्हणजे तिचे वडील, काकू, दोन चुलतबहिणी आणि त्यांची पोरं. मला सोडायला आई एकटी. बाबा बजाजनगरला कंपनीत आहेत, आठवड्यानं घरी येतात. एरवी घरात आई आणि मीच.

बस सुटली तशी राजनंदिनीनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "संध्या, लई मजा करू गं," म्हणाली.

मी खूश होते, पण झाडांमुळं नाही. अकरावीपासून ती माझी मैत्रीण. कन्नडमध्ये मात्र ती कधी पुरती माझ्या वाट्याला आली नाही. तिच्या घरी गेलं की बहिणी मध्ये बसायच्या, कॉलेजात गेलं की घोळका. ती हसली की चारजणी हसायच्या आणि त्या चारजणींत मी एक. आता तीन आठवडे तसं होणार नव्हतं.

मुलींचं हॉस्टेल डोंगराच्या पायथ्याशी होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीमुळं अर्ध्या खोल्यांना कुलपं. चतुराबाई म्हणून तिथल्या मावशी होत्या, त्यांनी वरच्या मजल्यावरची एक खोली उघडून दिली. आत तीन लोखंडी कॉट होत्या. "दोघीच हाव ना? ह्या घ्या दोन गाद्या. तिसरीवर बॅगा ठेवा, खाली मुंग्या लई झाल्यात."

तिसरी कॉट खिडकीखाली होती. आम्ही बॅगा तिच्यावर टाकल्या, गाद्या झटकल्या, हातपाय धुऊन जेवायला मेसमध्ये गेलो. परत आलो तर बॅगा भिंतीशी नीट लावून ठेवलेल्या. तिसऱ्या कॉटवर गादी. गादीवर पांढरी चादर, कुठंही चुणी नसलेली.

"आली वाटतं कुणीतरी," राजनंदिनी म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता.

"आपल्या सामानाला हात लावायच्या आधी विचारायचं तरी," मी म्हटलं.

"अगं, मग झोपणार कुठं ती?"

ती अजून आम्हाला दिसलीही नव्हती आणि राजनंदिनी तिची बाजू घ्यायला लागली होती.

२

पहिल्या आठवड्यात माझी आणि त्या तिसरीची गाठ पडली नाही. मला त्यात काही विचित्र वाटलं नाही, फक्त राग येत होता.

रात्री ती खोलीत नसायची. तिची मावशी पुंडलिकनगरला राहते, ती तिकडं झोपायला जाते, असं राजनंदिनीनं सांगितलं. दुपारी यायची. दुपारी मी लायब्ररीत असायचे, कारण तिथं कूलर होता आणि मला परीक्षेचंही वाचायचं होतं. मी परत आले की राजनंदिनी म्हणायची, "आत्ता गेली बघ. जिन्यात भेटली असंल."

जिन्यात मला कुणी भेटलेलं नसायचं.

सकाळी डोंगरावर सगळ्या मुली सारख्याच दिसत. आमच्याकडं ऊन तापलं की मुली तोंडाला स्कार्फ बांधतात, फक्त डोळे उघडे. त्यात कोण कुठली, ओळखणार कसं? समर स्कूलचे अभय सर पुढं चालत घाणेरी, धावडा, सीताफळ दाखवायचे, आम्ही फांद्या कापून जुन्या वर्तमानपत्रात घालायचो. एकदा मी बाभळीत अडकलेली ओढणी सोडवत मागं राहिले आणि वर पाहिलं तर राजनंदिनी चढावर एका मुलीच्या हातात हात घालून चालली होती. डोकं तिच्याकडं झुकवून काहीतरी सांगत होती. मी धापा टाकत पोचले तेव्हा राजनंदिनी एकटीच उभी होती. आजूबाजूला स्कार्फच स्कार्फ.

"कोण होती?" मी विचारलं.

"तीच की."

नाव काय तिचं, एवढंच विचारायचं होतं मला. विचारलं नाही. नाव विचारलं म्हणजे मला फरक पडतोय हे कबूल केल्यासारखं झालं असतं. त्यापेक्षा मी मनातच तिला घडवत गेले. ती मोठ्या शहरातली असणार. उंच. फाडफाड इंग्रजी बोलणारी. तिला कुणाच्या मागं पळावं लागत नसणार.

एका दुपारी खोलीत कुणी नव्हतं. मी तिच्या कॉटवर हात ठेवला. मे महिन्यात त्या खोलीत सगळं तापलेलं असायचं, पाण्याची बाटली, भिंत, स्वतःची उशी. चादर मात्र गार होती. सकाळी माठाला हात लावावा तशी. खिडकीतून वारा येत असेल, ओला टॉवेल टाकला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. टॉवेल कुठं दिसला नाही. मी हात काढून घेतला आणि तो माझ्या ड्रेसला पुसला.

३

शेजारच्या खोलीत जालन्याची मोनिका राहायची. मेसमध्ये ताट घेऊन माझ्यासमोर बसली.

"काय गं, दुपारी किती हसता तुमच्या खोलीत! आम्हाला डोळा लागू देत नाय."

"मी नसते दुपारी."

"मग त्या दोघी असतील. दोन आवाज असतात."

मला आधी बरं वाटलं. म्हणजे ती खरंच आहे, राजनंदिनी बनवाबनवी करत नाही. आणि लगेच वाईट वाटलं. राजनंदिनी माझ्याबरोबर कधी भिंतीपलीकडं ऐकू जाईल इतकी हसली होती?

दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीत गेलेच नाही. खोलीत पुस्तक उघडून बसले.  राजनंदिनी उठून दाराकडं बघून आली. पुन्हा बसली. केस सोडले, बांधले. बाहेर कुठं चप्पल वाजली की तिची मान वळायची.

"कुणाची वाट बघतीयेस?"

"नाय, कुणाची?" ती म्हणाली. थोड्या वेळानं मात्र तिला राहवलं नाही. "संध्या, तू जा ना लायब्ररीत. तू असली की ती येत नाय."

"का? मी खाते का तिला?"

"तिला तू आवडत नसशील असं थोडंच है? लाजती ती. तू लई टक लावून बघतेस माणसाकडं."

मी पुस्तक उचललं आणि निघाले. जिना उतरून पोर्चपर्यंत आले तेव्हा वरून हसण्याचा आवाज आला. राजनंदिनीचं हसू मी हजारात ओळखीन. दुसरं हसू तिच्या मागोमाग येत होतं, थोडं उशिरानं, जसं कुणी गाणं शिकताना गुरूच्या मागोमाग म्हणतं. पोर्चमधून आमच्या खोलीचं दार दिसायचं. जिना उतरताना मला कुणी भेटलं नव्हतं आणि त्या दारातून आत जाताना कुणी दिसलं नव्हतं.

दुसऱ्या बाजूनंही जिना असेल, मी म्हटलं. मी कधी तिकडं बघितलं नव्हतं. त्या दिवशीही बघायला गेले नाही.

४

धरणाची गोष्ट फक्त आमची होती.

बारावीत असताना आम्ही दोघी घरी न सांगता धरणावर गेलो होतो. राजनंदिनी शेवाळावरून घसरली, गुडघा फुटला, रक्त थांबेना. मी माझी ओढणी फाडून गुडघा बांधला. तिला पाठुंगळी घेऊन रस्त्यापर्यंत आणलं आणि जीप थांबवली. तिनं घरी सायकलवरून पडले असं सांगितलं. ती जीपमध्ये माझा हात धरून म्हणाली होती, "हे आपल्या दोघीतच."

एका संध्याकाळी प्रयोगशाळेत आम्ही फांद्या दाबून ठेवत होतो. मोनिकानं राजनंदिनीच्या गुडघ्यावरचा व्रण पाहिला आणि विचारलं. राजनंदिनी सहज सांगायला लागली.

"अगं, आम्ही तिघी धरणावर गेलो होतो..."

"तिघी?" मी म्हटलं.

"आपण तिघी नाय का? मी, तू आन ती."

"राजू, आपण दोघी होतो. ही मुलगी तुला इथं येऊन भेटलीये."

तिनं माझ्याकडं पाहिलं. चिडून नाही. आजारी माणसाकडं बघावं तसं. मग मोनिकाला म्हणाली, "तिनं ओढणी फाडून बांधली बघ मला. पाठीवर घेतलं. ही बिचारी घाबरून पळत सुटली होती घरी."

मोनिका माझ्याकडं बघून हसली, समजुतीनं. "होतं गं, रक्त बघून."

मी काहीतरी बोलणार होते. पण त्याच क्षणी मला डोळ्यांसमोर ती वाट दिसली. धरणाकडून गावाकडं येणारी, दुपारची, रिकामी. माझे स्वतःचे पाय दिसले, पळताना. छातीत दुखत होतं. मागं राजनंदिनी हाका मारत होती आणि मी वळत नव्हते.

असं झालं नव्हतं. मला पक्कं माहीत होतं. तरी ते पाय मला दिसले. त्या संध्याकाळी आईचा नेहमीचा फोन आला तेव्हा मी तिला विचारलं, "आई, बारावीत माझी एक ओढणी फाटली होती, आठवतं?"

"फाटली कशी ते सांगितलं नाहीस तू. लई बोलले होते मी तुला," आई म्हणाली. म्हणजे ओढणी माझीच होती.

५

सकाळी मी चतुराबाईंकडं गेले. तिसऱ्या मुलीला दुसरीकडं हलवा म्हणाले, खोल्या तर रिकाम्याच आहेत.

"कोण तिसरी?"

"आमच्या खोलीतली. खिडकीखालची कॉट घेतलीये ती."

"मी तुम्हाला दोनच गाद्या दिल्या," चतुराबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज चढला. "स्टोअरमधून गादी उचलली व्हय तुम्ही? न विचारता?"

त्या माझ्याबरोबर वर आल्या. राजनंदिनी आंघोळीला गेली होती. तिसऱ्या कॉटवरची गादी बघून त्या पुटपुटतच पुढं झाल्या, गादीला हात घातला आणि थांबल्या.

"ओली है का ही?"

"गार आहे."

"हां." त्यांनी हात साडीला पुसला.  गादीची गुंडाळी केली, पण ती छातीशी न धरता लांब धरून, तोंड वळवून, ओढतच बाहेर नेली. जिन्यातून मला म्हणाल्या, "पोरी, खाली मोठ्या हॉलमध्ये जागा है. वाटलं तर तू तिकडं झोपायला ये."

"आणि राजनंदिनी?"

"तिला वाटलं तर तिनंबी यावं."

मी विचार केला. राजनंदिनी येणार नव्हती. मग ती खोली त्या दोघींची झाली असती. मी चतुराबाईंना नको म्हणाले.

त्या दिवशी मी कुणाशी न भांडता जिंकले होते. उघडी कॉट, नुसत्या लोखंडी पट्ट्या. डोंगरावरही मी राजनंदिनीला सोडलं नाही, तिचा हात धरून चालले. ती हात ओढून घेत नव्हती आणि धरतही नव्हती.

दुपारी मी मेसमधून जरा उशिरा आले. राजनंदिनीनं तिची कॉट खिडकीखालच्या कॉटला जोडली होती आणि स्वतःची गादी दोन्हींवर आडवी टाकली होती. ती स्वतः अर्धी गादीवर, अर्धी पट्ट्यांवर बसली होती. जास्त जागा दुसऱ्या बाजूला सोडलेली.

"हे काय?"

"तिला टोचतं." मग तिनं मान वर केली आणि मला विचारलं, अगदी सभ्यपणानं, नव्या माणसाला विचारावं तसं, "तू पण कन्नडचीच ना? कुठं राहता तुम्ही?"

"राजू, फालतूपणा करू नको."

"मला राजू फक्त तीच म्हणते," ती म्हणाली.

६

मी लायब्ररीत जाते म्हणून सांगितलं. खाली उतरले, चपला हातात घेतल्या आणि तशीच परत वर आले. खोल्यांच्या मागून एक अरुंद गॅलरी जाते, तिच्यात आमची खिडकी उघडते. फरशी तापली होती, तळवे भाजत होते. मी भिंतीला धरून खिडकीपर्यंत गेले. पडद्याला एका बाजूनं फट होती.

राजनंदिनी जमिनीवर बसली होती, पाठ तिसऱ्या कॉटला टेकून. केस मोकळे. डोळे अर्धवट मिटलेले. ती बोलत होती आणि मधूनच थांबत होती, समोरच्यानं काही विचारल्यावर थांबतो तशी.

"मग नाय का, कॉलेजच्या गॅदरिंगला तू माझ्यासाठी रात्रभर घागरा शिवला..."

तो घागरा मी शिवला होता. माझ्या बोटांना सुया टोचल्या होत्या.

तिच्या केसांचे तीन पेड झाले होते. पेड एकमेकांवरून जात होते, सावकाश, घट्ट. वेणी मानेखाली उतरत होती. कोण घालतंय ते बघायला मी डोकं तिरकं केलं. पेडांमध्ये बोटं दिसली. पांढरट, पाण्यात फार वेळ राहिल्यावर होतात तशी, आणि माणसाच्या बोटांना असतात त्यापेक्षा एक पेर जास्तीचं. बोटांच्या मागं मनगट होतं. मनगटाच्या मागं कॉटच्या पट्ट्या दिसत होत्या, स्वच्छ, उन्हात.

 माझं लक्ष मात्र राजनंदिनीच्या चेहऱ्याकडं होतं. तिनं मान मागं टाकली होती आणि वर बघत होती. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडं एकदाही तसं बघितलं नव्हतं.

मी खिडकीवर थाप मारली.

वेणी सुटली. सगळे केस एकदम तिच्या पाठीवर पसरले. राजनंदिनी ताडकन उठली, खिडकीशी आली आणि पडदा बाजूला करून माझ्याकडं पाहत राहिली.

"कोण गं तू?" ती ओरडली. "कशाला सारखी आमच्यात येतीस?"

७

संध्याकाळपर्यंत तिला ताप भरला. अभय सरांनी डॉक्टरांना बोलावलं. ऊन लागलंय, घरी न्या, म्हणाले. सकाळी नानासाहेब जीप घेऊन आले. मी तिची बॅग भरली, कपडे, वह्या, तेलाची बाटली. तिनं मला काही भरू दिलं नसतं, पण तिला उठवत नव्हतं.

"नाना, ह्या मुलीला बाहेर जायला सांगा," ती म्हणत होती. "मी ओळखत नाय हिला."

नानासाहेब माझ्याकडं बघायला संकोचले. त्यांच्या घरात मी किती तरी वेळा जेवले होते. "तापात बडबडतीय, संध्या. मनावर घेऊ नको, बाळा."

तिला जीपमध्ये बसवलं तेव्हा तिनं दार धरून ठेवलं. ती वर आमच्या खोलीकडं बघत होती. "तिला घ्या ना, नाना. तिला पण घ्या. ती एकटी राहील." नानासाहेबांनी तिची बोटं सोडवली. ती लहान मुलीसारखी रडत गेली. मी फाटकापर्यंत जीपच्या मागं चालले, हात हलवला. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

दोन दिवसांनी मी नानासाहेबांना फोन केला. ताप उतरला होता. जेवते, हसते, बहिणींशी गप्पा मारते, सगळं आठवतं, असं त्यांनी सांगितलं. मी माझ्याबद्दल विचारलं. "तेवढं सोडून," म्हणाले.

अभय सर मला म्हणाले, "तूही गेलीस तरी चालेल. आम्ही समजून घेऊ." चतुराबाईंनी पुन्हा खालच्या हॉलचं विचारलं. मोनिका म्हणाली, माझ्याकडं ये. मी सगळ्यांना नाही म्हटलं. कोर्स पूर्ण करायचाय, असं सांगितलं.

त्या दुपारी जेवण झाल्यावर मी खोलीत आले आणि दाराला कडी लावली. दोन्ही कॉट अजून जोडलेल्याच होत्या. बाहेर उन्हाचा कहर होता, कुठं पाखराचा आवाज नाही. इतके दिवस मी त्या मुलीवर जळत होते, ती कोण, तिच्यात असं काय आहे म्हणून. आता मला तिचा राग येत नव्हता. राजनंदिनीचा येत होता. खोलीत दोघी होतो आम्ही, आणि आलेल्या पाहुणीनं तिला निवडलं होतं. तिचे केस हातात घेतले होते. माझ्याकडं बघायलाही ती आली नव्हती.

मी केस सोडले आणि जमिनीवर बसले. पाठ तिसऱ्या कॉटला टेकली. लोखंड तापलेलं होतं.

बराच वेळ काही झालं नाही. मग मी बोलायला लागले. कॉलेजचं सांगितलं, शाळेचं सांगितलं, राजनंदिनीचं जे काही उरलं होतं ते सांगितलं. माझा आवाज मलाच वेड्यासारखा वाटत होता. मागं काही हललं नाही. हे सगळं तिनं आधीच ऐकलेलं असणार.

फोन वाजायला लागला. आईचा होता. मी तो उलटा करून ठेवला, वाजून वाजून बंद होऊ दिला. कॉटवरच्या तिला काहीतरी नवं हवं होतं. अजून कुणालाच न दिलेलं असं माझ्याकडं एकच होतं.

"आमच्या घरी आम्ही दोघीच असतो," मी म्हणाले. "मी आणि आई. लहानपणी मला झोप नाही आली की ती..."

पाठीला लागलेलं लोखंड गार होत गेलं. कॉटची पट्टी करकरली, कुणी नीट ऐकायला पुढं सरकावं तशी. मानेवरचे केस हळूच उचलले गेले.

"...ती माझ्या कपाळावर हात ठेवून बसायची," मी म्हणाले, आणि पुढचं सांगत गेले.